निर्णय न देण्याचा अधिकार

शासनसंस्थेच्या हाती जे अधिकार असतात त्यांपैकी सर्वांत भयंकर कोणता, असे विचारले असता बहुतेक लोक शिक्षेचा, जप्तीचा किंवा हद्दपारीचा उल्लेख करतील. परंतु ज्यांचा जोडीदार व्हिसाच्या अर्जापायी सीमेपलीकडे अडकून पडला आहे, त्यांचे उत्तर निराळे येईल. निर्णयच न देण्याचा अधिकार त्या सर्वांहून मोठा आहे, असे ते सांगतील, आणि मला ते अक्षरशः खरे वाटते. नामंजुरीचा हुकूम हाती पडला म्हणजे त्याखाली कोणाची तरी सही असते, बहुधा काही कारण नमूद केलेले असते, दाद मागण्याचा एखादा मार्ग दिसतो, आणि तोही नसेल तर निदान संसाराची आखणी नव्याने करता येते. विलंबाखाली कोणाचीच सही नसते. अर्ज विचाराधीन आहे, एवढे एक वाक्य महिनोन्महिने तेच राहते, आणि दोन माणसांच्या आयुष्यातील वर्षे मात्र वजा होत जातात.

छत्रपती संभाजीनगरात हे दुःख आता अनोळखी राहिलेले नाही. वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांनी आणि येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी जी पिढी घडवली, तिच्यातील कितीतरी मुले-मुली अमेरिकेत, जर्मनीत, इंग्लंडात स्थिरावली आहेत. मुलगा दोन-तीन आठवड्यांच्या रजेवर येतो, हळद लागते, सप्तपदी होते, महानगरपालिकेचा विवाहनोंदणीचा दाखला घाईने काढला जातो, आणि रजा संपताच तो एकटाच परततो. मागे राहिलेली मुलगी धड माहेरची उरत नाही आणि सासरचीही होत नाही. बोलावणे आज ना उद्या येईल या भरवशावर तिने नोकरीचा राजीनामा दिलेला असतो, आणि त्याच भरवशावर ती दुसरी नोकरी धरत नाही, पुढील शिक्षणासाठी नाव घालत नाही, स्वतःच्या नावाने काही उभे करीत नाही. पहिली संक्रांत हलव्याच्या दागिन्यांत एकटीने साजरी होते, मंगळागौर होते, आणि दिवाळसणाला जावयाचा पाट मांडावा की नाही, अशा संकोचात तिची आई स्वयंपाकघरात घुटमळत राहते. मूल केव्हा व्हावे हा दांपत्याचा नितांत खाजगी प्रश्न. परंतु त्याचेही उत्तर कोणा अपरिचित अंमलदाराच्या दप्तरात पडून राहते. शेजारीपाजारी विचारतात, 'काय, झाले का हो जायचे?' आणि त्या निरागस चौकशीला तोंड देण्यापेक्षा घराबाहेर न पडणे तिला सोपे वाटू लागते.

अमेरिकेपुरते बोलावयाचे तर नागरिकाच्या जोडीदारासाठी तेथे वार्षिक संख्येची मर्यादा नाही. ग्रीनकार्डधारकाच्या जोडीदारासाठी मात्र आहे, आणि तेथे अर्जदाराला आपल्या तारखेची पाळी येईपर्यंत रांगेत तिष्ठावे लागते. पण मर्यादा नसलेल्यांचीही सुटका लवकर होत नाही. अर्ज प्रथम तिकडील इमिग्रेशन खात्याकडे, मंजुरीनंतर व्हिसाच्या मध्यवर्ती केंद्राकडे, कागदपत्रे पूर्ण ठरल्यावर मुंबईच्या वकिलातीकडे, असा फिरतो. मग मुलाखतीची तारीख येते, आणि रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसने लग्नाची छायाचित्रे, लग्नपत्रिका, दाखले यांचे बाड घेऊन घरची मंडळी वांद्रे-कुर्ला संकुलाकडे निघतात. आपला विवाह खरा आहे हे परक्या खिडकीसमोर सिद्ध करावे लागणे मानहानीचे आहे खरे. तथापि खोटे विवाह होतात, आणि त्यांची तपासणी करण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राला आहे, हे मला मान्य आहे. मान्य नाही ती बेमुदत तपासणी.

या बेमुदतीचा आणखी एक परिणाम आहे. लग्न करून मुलीला येथे टाकून देणारे परदेशस्थ नवरे थोडे नाहीत. राष्ट्रीय महिला आयोगाला २००९ साली अशा तक्रारींसाठी स्वतंत्र कक्ष उघडावा लागला. फसवणाऱ्याच्या तोंडी सर्वांत सोयीचा बहाणा असतो तो हाच, की व्हिसाचे काम रेंगाळले आहे. दप्तरदिरंगाई सर्वत्र असल्यामुळे तो खोडून काढण्याचे साधन मुलीच्या वडिलांजवळ नसते. अर्ज दाखल तरी झाला आहे की नाही, हे त्यांना धडपणे कळत नाही. प्रामाणिक जोडप्याला छळणारा विलंब अप्रामाणिक नवऱ्याला आश्रय देतो. तपासणीचे समर्थन करणाऱ्यांनी याचा विचार केलेला दिसत नाही.

उघड अन्यायाशी निदान लढता तरी येते. १९१३ च्या मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेतील केप प्रांताच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी असा निकाल दिला, की ख्रिस्ती विधीने न झालेले व तेथे न नोंदलेले विवाह कायद्याने ग्राह्य नाहीत. तेथील हिंदू, मुसलमान, पारशी यांच्या बायका एका दिवसात कायद्याच्या दृष्टीने बायका राहिल्या नाहीत. त्या अपमानाने स्त्रिया सत्याग्रहात उतरल्या, कस्तुरबांनी तीन महिन्यांची सक्तमजुरी भोगली, इकडे गोपाळ कृष्ण गोखले यांनी निधीसाठी देश जागा केला, आणि १९१४ च्या कायद्याने ते विवाह मान्य झाले. हे घडू शकले, कारण अन्याय उघड होता. त्याला निकालपत्र होते, तारीख होती, न्यायाधीशाचे नाव होते. आजच्या विलंबाविरुद्ध कोणी कोठे सत्याग्रह करावा? प्रत्येक दांपत्य आपापल्या क्रमांकाशी एकटे झुंजत असते, आणि गाऱ्हाणे मोठ्याने मांडले तर आपला अर्ज आणखी मागे पडेल या धास्तीने गप्प राहते.

परंतु अमेरिकेला बोल लावणाऱ्या आपल्या समाजाने घरातही डोकावले पाहिजे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात आल्यानंतर तेथील काही मुसलमान कुटुंबे कराचीकडे गेली, काही येथेच राहिली, आणि मामे-चुलत नात्यांतील सोयरिकी सीमा आखली गेली म्हणून एकदम थांबल्या नाहीत. १९४८ च्या जुलैपासून परवाना आणि १९५२ च्या ऑक्टोबरपासून पासपोर्ट व व्हिसा, असे एकेक कुंपण त्या नात्यांत उभे राहिले. सीमेपलीकडून लग्न होऊन आलेली स्त्री दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहते, त्याच्या वाढीसाठी पोलिसांच्या कचेरीत हजेरी लावते, आणि नागरिकत्वाचा अर्ज करण्यापूर्वी तिला सात वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे निरपराध पर्यटकांची हत्या झाली, त्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द करण्यात आले. राष्ट्राच्या त्या संतापाशी मी एकरूप आहे. मात्र त्याच दिवसांत केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका जवानाची पत्नी, दीर्घ मुदतीच्या व्हिसाचा तिचा अर्ज प्रलंबित असताना, अटारीच्या सीमेकडे रवाना झाली, आणि जम्मूच्या उच्च न्यायालयाने ऐन वेळी तिला थांबवले. अर्जावर होय किंवा नाही असे वेळेत सांगणे हे सरकारचे काम होते; ते झाले नाही, आणि त्याचे प्रायश्चित्त अर्जदार स्त्रीच्या वाट्याला आले.

मुदत घालणे अशक्य आहे, असे कोणी म्हणेल तर युरोपीय संघाचा २००३ चा कुटुंब-एकत्रीकरणाचा निर्देश त्याने पाहावा. अर्ज दाखल झाल्यापासून सर्वसाधारणपणे नऊ महिन्यांच्या आत निर्णय कळवला पाहिजे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. अमेरिकेच्या १९४६ च्या प्रशासकीय कायद्यात केवळ 'वाजवी वेळ' म्हटले असून, वाजवी म्हणजे किती, याचा खल प्रत्येक फिर्यादीत नव्याने करावा लागतो. त्यात २०२४ च्या जूनमध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने, परदेशी जोडीदाराला देशात प्रवेश मिळावा हा नागरिकाचा मूलभूत हक्क नव्हे, असा निकाल दिल्यामुळे ज्याने आयुष्यभर तेथे कर भरला त्याचीही बाजू लंगडी झाली आहे.

आपल्याकडे याबाबतीत उदाहरण दूर शोधावयास नको. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ याने अधिसूचित सेवांना मुदत घातली, मुदत टळल्यास अपिलाची सोय केली, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड ठरवला. म्हणजे विलंबाविरुद्धही अपील असू शकते, हे तत्त्व आपल्या राज्याने कायद्यात उतरवले आहे. व्हिसा आणि नागरिकत्व हे विषय केंद्राचे असल्यामुळे तेथे मात्र त्याचा काहीच उपयोग नाही. मुदतबद्ध सेवांचे विधेयक केंद्राने डिसेंबर २०११ मध्ये लोकसभेत मांडले होते. २०१४ साली लोकसभा विसर्जित होताच ते व्यपगत झाले. ते पुन्हा मांडावे, जोडीदाराच्या व्हिसाचे अर्ज त्यात घालावेत, पोचपावतीवरच निर्णयाची अखेरची तारीख छापावी, आणि ती टळल्यास कारणे लेखी देण्याचे बंधन अधिकाऱ्यावर टाकावे, अशी मागणी मराठवाड्याच्या खासदारांकडे आपण केली पाहिजे. असा हक्क केवळ नागरिकालाच देता येतो, परदेशी स्त्रीला नव्हे, अशी हरकत कोणी घेईल. तर तो अर्ज तिच्या येथील पतीच्या नावाने दाखल करून घ्यावा, कारण तो या देशाचा नागरिक आहे आणि खोळंबलेला संसार त्याचाही आहे.