राजाचा शेवटचा घास आणि मोबाइलमधला हिशेब

बुद्धांच्या काळातला कोसलचा राजा पसेनदी द्रोण या मोठ्या मापाने भात खात असे. एकदा असाच भरपेट जेवून तो धापा टाकत बुद्धांकडे आला. संयुत्त निकायातल्या दोणपाक सुत्तात हा प्रसंग आहे. बुद्धांनी त्याला फटकारले नाही, पथ्याची यादीही दिली नाही. भान ठेवून, मात्रा ओळखून जेवावे अशा आशयाची एक गाथा तेवढी म्हटली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली. रोज जेवताना त्याने ती म्हणायची आणि त्याबद्दल दररोज शंभर कहापण नाणी घ्यायची, असे ठरले. हळूहळू राजा नाळीभर, म्हणजे द्रोणाहून बऱ्याच लहान मापाच्या, भातावर आला.

सुदस्सनाचे काम आज मोबाइलकडे आले आहे. बंगळुरूत सुरू झालेले हेल्थिफायमी, अमेरिकेतले मायफिटनेसपाल, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे न्यूट्रिफाय इंडिया नाऊ अशी ॲप्स खाल्लेल्या पदार्थांवरून कॅलरी आणि प्रथिनांचा हिशेब मांडतात. पण जेवणातला संयम असा मोजून अंगी येतो का?

या हिशेबाचे मूळ अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात आहे. विल्बर ॲटवॉटर हा मेथडिस्ट धर्मोपदेशकाचा मुलगा. १८९०च्या दशकात त्याने सहकाऱ्यांसह एक लहानशी बंद खोली उभारली, तीत माणसांना काही दिवस ठेवले आणि त्यांच्या शरीरातून बाहेर पडणारी उष्णता मोजली. दर ग्रॅमला प्रथिने व कर्बोदके ४ कॅलरी, स्निग्ध पदार्थ ९, हे कोष्टक त्याच्याच कामातून आले. हे आकडे सरासरीचे आहेत. अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधकांनी २०१२मध्ये दाखवून दिले की २८ ग्रॅम अख्ख्या बदामांतून शरीराला कोष्टकाप्रमाणे १७०च्या आसपास नव्हे, तर सुमारे १२९ कॅलरीच मिळतात.

मराठी स्वयंपाकघरात तर अंदाज आणखी डळमळतो. ‘एक वाटी आमटी’ अशी नोंद केली, पण वाटी कोणत्या घरची? फोडणीत तेल किती पडले? भाकरी कुणाच्या हातची, पातळ थापलेली की जाड? चरकसंहितेच्या विमानस्थानात आहार ठरवताना आठ गोष्टी पाहायला सांगितल्या आहेत: पदार्थाचा स्वभाव, त्यावरचे संस्कार, संयोग, प्रमाण, देश, काळ, जेवण्याचे नियम आणि जेवणारा स्वतः. ॲपचा भर प्रमाणावर असतो. जेवणाऱ्याचे वय, उंची आणि वजन ते विचारते. आज त्याला भूक आहे का, हे त्याचे त्यालाच ठाऊक.

एकादशीचे उदाहरण घ्यावे. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, रात्री बटाट्याचा कीस. हे सगळे नोंदवले तर आठवड्यातला सर्वांत जड दिवस उपवासाचाच निघायचा. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण घरोघरी आहेच. ॲप तिचा पुरावा समोर ठेवते आणि हे श्रेय त्याला मोकळेपणाने द्यावे. पण कुणी खरोखर निर्जळी एकादशी केली, तर त्याच ॲपला त्यात फक्त कॅलरींची तूट दिसते. मन कशात होते, दारी आलेल्याला काही वाढले का, यासाठी तिथे रकाना नाही. तैत्तिरीय उपनिषद अन्नाला ब्रह्म मानते, अन्नाची निंदा करू नये आणि आश्रयाला आलेल्याला परत पाठवू नये असे सांगते. तिथे अन्नाचा विचार एकट्याच्या वजनापाशी थांबत नाही.

मग मोजमापच वाईट का? नाही. पसेनदीच्या गोष्टीतही मोजमाप आहे. त्या सुत्तावरची टीका, म्हणजे अट्ठकथा, सांगते की गाथा जेवणाच्या शेवटी म्हणायची, ती ऐकून राजा हातातला घास ठेवून द्यायचा आणि त्या घासात जेवढी शिते, तेवढे तांदूळ पुढच्या वेळी कमी शिजवायचे. म्हणजे आधी राजा स्वतः थांबला, मोजणी त्यानंतर झाली. ॲपमध्ये क्रम उलटा होतो. आकडा आधी ठरतो आणि माणूस त्याच्यामागे फरफटत जातो. पोट भरले तरी ‘अजून २०० शिल्लक आहेत’ म्हणून खातो किंवा भूक असूनही ताट सरकवतो. संयमाची सवय लागण्याऐवजी परवानगी मागण्याची सवय लागते, आणि नुकसान इथेच आहे. अमेरिकेत २०१७मध्ये खाण्याच्या विकाराचे निदान झालेल्या १०५ जणांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यातले सुमारे ७५ टक्के मायफिटनेसपाल वापरत होते आणि त्या वापरणाऱ्यांपैकी ७३ टक्क्यांना आपल्या विकाराला या ॲपचा हातभार लागला असे वाटत होते. ही त्यांची स्वतःची भावना असली, तरी ती हलक्यात घेण्याजोगी नाही.

इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहीला कर्बोदकांचा हिशेब लागतोच, त्याने तो डॉक्टरांच्या सल्ल्याने जरूर ठेवावा. ज्यांच्या मनात जेवणाची धास्ती बसली आहे, त्यांनी ॲपऐवजी डॉक्टरांकडे जावे. बाकीच्यांनी महिनाभर नोंद करून आपल्या घरची वाटी आणि आपल्या हातचे तेल ओळखून घ्यावे, आणि मग ते ॲप मोबाइलमधून काढून टाकावे.