उजवा हात, डावा हात

दान कसं करावं, याबद्दल ख्रिस्ताने घातलेली एक अट शरीररचनेच्या दृष्टीनेच अवघड आहे. उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळता कामा नये! आता पाकीट डाव्या हातात धरल्याशिवाय उजव्याने नोट काढायची कशी? ‘मत्तय’च्या शुभवर्तमानातला हा भाग राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या पहिल्याच दिवशी, कॅथलिक चर्चमध्ये वाचला जातो. प्रार्थना, उपवास आणि दानधर्म ही त्या दिवसांतली तीन कामं. त्यातली पहिली दोन एक वेळ गुपचूप उरकता येतील. पण दान, आणि तेही गुपचूप?

तसं गुप्तदान आपल्याकडेही आहे. वर्गणीच्या यादीत ‘एक सद्गृहस्थ, गुप्तदान, रु. १०१’ असं छापून येतं आणि ते सद्गृहस्थ कोण, हे ते स्वतःच आळीभर सांगत हिंडतात. देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर दात्याचं नाव रंगवलेलं असतं. पंखा फिरू लागला की ते वाचता येत नाही, एवढाच काय तो त्यातला गुप्तपणा.

वसईचे आमचे एक कॅथलिक स्नेही आहेत. उपवासकाळात त्यांच्या घरी मटण बंद.

“बरंय की,” मी म्हटलं, “तेवढेच पैसे वाचतात.”

“वाचतात हो, पण ते आमचे नसतात ना!”

पाचव्या शतकातले पोप थोरले लिओ आपल्या प्रवचनांतून हेच सांगत असत. आपल्या ताटातलं कमी झालं ते गरिबाच्या ताटात पडायला हवं. नाहीतर उपवास कसला, ती निव्वळ काटकसर! काटकसरीत तर आम्ही मध्यमवर्गीय बाराही महिने पुण्यवान असतो.

तेराव्या शतकातल्या संत थॉमस अक्वायनस यांचा मात्र मला आधार वाटतो. गरजा भागून उरेल त्यातून देणं हे कर्तव्य. आपल्या पायरीला न शोभेल इतकं कंगाल व्हायची सक्ती नाही. वा! फक्त उरतं किती, हे ठरवणार आम्हीच, आणि आमच्या घरात १९७० पासून काही उरल्याची नोंद नाही. त्यात मिलानचे बिशप संत अँब्रोज चौथ्या शतकातच म्हणून गेले की, गरिबाला देता ते तुमचं नसतंच. त्याचंच त्याला परत करता. म्हणजे आभाराचीही सोय नाही. उसनी वाटी परत केली म्हणून कुणी हार घालतं का?

मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेची गोष्ट तर हिशेबच उलटा करते. श्रीमंतांनी मोठ्या रकमा टाकल्या, पण ख्रिस्ताने तिचंच दान मोठं ठरवलं, कारण नंतर तिच्यापाशी काहीच उरलं नव्हतं. आपण मात्र देतो तेही हातचं राखून.

आणि देण्याआधी चौकशी! “दारू प्यायचा लेकाचा,” हे वाक्य पुष्कळांच्या खिशाला कुलपासारखं उपयोगी पडतं. २०१७ साली मिलानच्याच एका मासिकाने पोप फ्रान्सिस यांना याबद्दल छेडलं. मासिक बेघर लोक रस्त्यावर विकतात ते, त्यामुळे प्रश्न पुस्तकी नव्हता. पोपमहाशयांचं म्हणणं असं की, पेलाभर दारू हाच त्याचा एकमेव आनंद असेल तर असू द्या. तुम्ही स्वतः चोरून कसले आनंद घेता, ते आधी आठवा. म्हणजे चौकशी आमच्यावरच उलटली! शिवाय देताना त्याच्या डोळ्यांत बघा, हाताला हात लागू द्या, असंही ते म्हणाले.

हे मला सगळ्यांत जड वाटतं. दहा रुपये देता येतात हो. पण डोळ्यांत बघितलं की त्याला चेहरा येतो, उद्या तो ओळखतो, परवा तो दिसला नाही तर आपण इकडेतिकडे बघू लागतो. म्हणून तर आम्ही स्टेशनच्या जिन्यावर न थांबता, चालता चालता नाणं सोडतो. वर्षानुवर्षांच्या सरावाने ते वाटीत बरोब्बर पडतं. नजर तेवढ्यात वरच्या इंडिकेटरवर, पुढची गाडी फास्ट आहे की स्लो ते पाहत असते.