यजमानाचे मौन

संत्र्याच्या सुवासाचे मद्य घालून भाजलेला एक मूठभर केक हा नीतिविचाराचा विषय होऊ शकतो काय, असे कोणी विचारल्यास आम्ही निःशंकपणे होकार देऊ. मोठ्या अपराधांविषयी माणसांत फारसा मतभेद नसतो. खून वाईट आणि दरोडा वाईट, हे आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असलेला मनुष्यही मान्य करतो. त्याचे म्हणणे एवढेच असते की तो आपण केला नाही. खरा वाद माजतो तो बांधावरच्या वीतभर जमिनीवरून, सामाईक विहिरीवरच्या पाळीवरून, न बोललेल्या एका वाक्यावरून. क्षुल्लक वस्तूंच्या ठिकाणी माणसाचा विवेक पहाऱ्यावर नसतो, आणि म्हणूनच तो तेथे कसा वागतो हे पाहण्यासारखे असते.

प्रस्तुत वस्तू म्हणजे कपकेक. हा मूळचा अमेरिकन पदार्थ. अमेलिया सिमन्स या बाईंच्या १७९६ सालच्या पाकपुस्तकात लहान पेल्यांत भाजावयाच्या हलक्या केकची कृती दिलेली आहे, आणि 'कपकेक' हे नाव एलायझा लेस्ली यांच्या १८२८ सालच्या पुस्तकात आढळते. आमच्या गोव्यात नाताळच्या केकसाठी सुकी फळे रममध्ये किंवा ब्रँडीत मुरत घालण्याची चाल जुनी आहे. कपकेक मात्र आमच्या घरांतून अलीकडे आला. आता त्यात लिक्युअर म्हणजे फळांच्या साली, मसाले आणि साखर घातलेले गोड मद्य मिसळतात, आणि वर लोणी, दळलेली साखर व संत्र्याची किंवा लिंबाची किसलेली साल यांचे आयसिंग चढवतात. चव खरोखर उत्तम लागते, हे प्रथमच कबूल करून टाकलेले बरे. मद्याची निंदा करण्यासाठी हा लेख नाही.

या पाककृतीत मद्य काही उगाच येत नाही. संत्र्याचा वास त्याच्या सालीतल्या तेलात असतो. ते तेल पाण्यात विरघळत नाही, मद्यार्कात विरघळते. म्हणून दोन चमचे लिक्युअर जे काम करते ते वाटीभर रसाने होत नाही. उलट रस जास्त झाला तर लोण्याचे आयसिंग फुटते. पण याच गुणात प्रश्नाचे बीज आहे. मद्य येथे स्वतः पुढे येत नाही, ते संत्र्याला पुढे करते. खाणारा म्हणतो, काय सुरेख संत्रे आहे! ज्याने मद्य कधी चाखले नाही त्याला तर ते ओळखण्याचा उपायच नाही. जितका करणारा कुशल, तितका खाणारा अनभिज्ञ.

यावर घराघरांतून एक ठरलेले समाधान ऐकू येते. "भट्टीत सगळे उडून जाते," असे आपण म्हणतो आणि निश्चिंत होतो. पण हे विधान पुराव्यावर टिकत नाही. मद्यार्क ७८ अंशांना उकळतो हे खरे. तथापि पाणी, साखर आणि पीठ यांच्या मिश्रणात अडकलेला मद्यार्क इतक्या सहजासहजी सुटत नाही. अमेरिकेच्या कृषिखात्याने प्रसिद्ध केलेल्या कोष्टकाप्रमाणे, मिश्रणात ढवळलेले मद्य १५ मिनिटे भाजल्यावर त्यातील सुमारे ४० टक्के मद्यार्क शिल्लक राहतो, अर्ध्या तासानंतर ३५ टक्के, आणि अडीच तास शिजवल्यावरही ५ टक्के. कपकेक भट्टीत राहतो तो जेमतेम वीस मिनिटे. शिवाय भट्टीतून काढल्यावर त्यावर लिक्युअरचा पाक शिंपडतात, आणि आयसिंगला तर विस्तव मुळीच लागत नाही. तेथे घातलेले जवळजवळ सगळेच्या सगळे राहते.

हिशेबच करावयाचा तर असा. बारा केकांच्या मिश्रणात ६० मिलिलिटर, पाकात ३० आणि आयसिंगमध्ये ३०, असे चाळीस टक्क्यांचे लिक्युअर घातले, तर भाजून उरलेला मद्यार्क आणि न भाजलेला मद्यार्क मिळून सुमारे ३३ मिलिलिटर होतो. एका केकाच्या वाट्याला पावणेतीन मिलिलिटर. आपल्याकडील ३० मिलिलिटरच्या लहान पेगात तो पावणेतेरा असतो; म्हणजे एक केक हा पेगाचा साधारण पाचवा हिस्सा. याने धडधाकट मनुष्य झिंगणार नाही. वाढदिवसाला आलेले सहा वर्षांचे पोर मात्र एकावर थांबत नसते, हेही ध्यानात असू द्यावे.

येथे प्रतिपक्षाचा बिनतोड वाटणारा युक्तिवाद येतो. पिकून काळ्या पडलेल्या केळ्यात किंचित मद्यार्क असतो, आंबवलेल्या पिठात असतो. आमच्या ख्रिस्ती बांधवांची सान्नां तर सूर घालूनच फुगतात. मग केळे वाढतानाही प्रतिज्ञापत्र करावयाचे काय? या प्रश्नाला हसून टाळू नये. परंतु केळे वाढणारा आणि केळे खाणारा या दोघांनाही केळ्याविषयी सारखीच माहिती असते. एकाच्या ताटातले दुसऱ्यापासून झाकलेले नसते. सान्नांत सूर असते हे गोव्यात सर्वश्रुत आहे, ज्याला नको तो हात आखडतो. कपकेकच्या बाबतीत बाटली स्वयंपाकघरात राहते आणि बशी दिवाणखान्यात येते. या दोन खोल्यांमधल्या दारात आमचा प्रश्न उभा आहे. पदार्थात मद्य किती, हे रसायनशास्त्राने सांगावे. पण ते कोणाला ठाऊक आहे आणि कोणाला नाही, याचा निवाडा रसायनशास्त्र करू शकत नाही.

कायद्यापुढे हा प्रश्न निराळ्या रूपाने येऊन गेला आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने 'दारू' या शब्दात मद्यार्क असलेले सर्व द्रव पदार्थ घातले. त्यावर बलसारा यांनी दावा लावला, आणि १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा बहुतेक भाग उचलून धरताना मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांच्या वापरावरील बंदी मात्र रद्द ठरवली. पुढे कायद्यातच कलम २४-अ आले आणि जी औषधे, प्रसाधने, अर्क व सरबते मादक पेय म्हणून पिण्यास अयोग्य आहेत त्यांना सूट मिळाली. बडोद्याच्या वाचकांना हे सांगावयास नको, कारण तोच कायदा बदललेल्या नावाने गुजरातेत आजही लागू आहे. व्याख्येत 'द्रव' हा शब्द आहे आणि केक घन आहे, यावर एखादा तरुण वकील तासभर सुरेख भाषण करील. न्यायाधीश ते ऐकूनही घेतील. पण कायद्याची चिंता नशेची आहे. जिने नशा येऊ शकत नाही ती वस्तू तो सोडून देतो, आणि त्याच्या दृष्टीने ते ठीकच आहे.

व्रत असे सोडून देत नाही. जे बहुत घेतल्याने नशा आणते त्याचा थेंबही वर्ज्य, हा इस्लामी धर्मशास्त्रातील बहुमान्य नियम आहे. बेळगावकडील आमच्या जैन स्नेह्यांच्या घरी मद्य, मांस आणि मध ही तिन्ही एका पंक्तीला बसवून त्याज्य मानतात. माळ घातलेल्या वारकऱ्याला पाचवा हिस्सा आणि पन्नासावा हिस्सा यांतला भेद कोणी समजावू लागला तर तो नुसता पाहत राहील. आणि धर्माचा संबंध नसलेलाही एक मनुष्य आहे, ज्याने वर्षानुवर्षे पिऊन, घर उधळून, शेवटी मोठ्या कष्टाने पिणे सोडले आहे. अशांपैकी काहींना डायसल्फिराम नावाचे औषध देतात. ते चालू असता थोडासा मद्यार्क पोटात गेला तरी चेहरा लाल होतो, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात. म्हणून मद्यार्क असलेले खाद्यपदार्थ आणि खोकल्याची औषधेसुद्धा टाळण्यास त्यांना बजावलेले असते. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' या नाटकाने १९१९ पासून मराठी माणसाला जे शिकवले ते या गृहस्थाने स्वतःच्या देहावर शिकलेले असते. त्याच्यापुढे बशी सरकवून "एकाने काय होते?" असे मनात म्हणणारा यजमान एका परक्या माणसाच्या आयुष्याचा निकाल त्याच्या गैरहजेरीत लावत असतो.

अजाणता घडलेल्या सेवनाचा विचार आपल्या परंपरेने फार पूर्वी केला आहे. महाभारताच्या आदिपर्वातील कचाची कथा सर्वांच्या परिचयाची आहे. खाडिलकरांनी १९१३ साली तिच्यावरच 'विद्याहरण' रचले. असुरांनी कचाला मारले, जाळले, आणि त्याची राख सुरेत कालवून ती शुक्राचार्यांना पाजली. आचार्यांना सुरा प्यालो हे ठाऊक होते; तिच्यात काय मिसळले होते हे ठाऊक नव्हते. सत्य कळल्यावर त्यांनी सुरापानालाच शाप दिला. आमचे लक्ष नेहमी दुसरीकडे जाते. प्याला भरून देणाऱ्या असुरांनी शुक्राचार्यांवर कोणतीही बळजबरी केली नाही, एक शब्दही खोटा सांगितला नाही. ते फक्त गप्प बसले.

मनुस्मृतीनेही जाणून केलेले मद्यपान आणि अजाणता झालेले मद्यपान यांत भेद केला आहे. पण ध्यानात घेण्यासारखे हे की अजाणता झालेल्यालाही ती नुसते सोडत नाही, पुन्हा संस्कार करून घ्यावयास लावते. आधुनिक दंडविधान येथे अधिक उदार आहे. नकळत किंवा इच्छेविरुद्ध पाजलेल्या मादक पदार्थाने ज्याची सारासार बुद्धी नष्ट झाली त्याचे कृत्य अपराध होत नाही, असे १८६० च्या दंडसंहितेचे कलम ८५ सांगत असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २३ तेच सांगते. पिणाऱ्याच्या अंगावरचा दोष अशा रीतीने उतरवला जातो. उतरवलेला दोष हवेत विरत नाही. तो हात बदलतो, आणि ज्या हाताने वाढले त्या हातात येऊन पडतो.

हे सारे आम्ही इतक्या आग्रहाने का मांडतो? गोव्यात नाताळला ख्रिस्ती घरांतून शेजारच्या हिंदू घरी कोंसोआदची ताटे जातात आणि चतुर्थीला, दिवाळीला हिंदू घरांतून नेवऱ्या व फोव उलट जातात. या देवघेवीला कोठेही लेखी करार नाही. एका घरात जे चालते ते दुसऱ्यात चालत नाही, हे दोन्ही घरांना ठाऊक असते आणि त्याप्रमाणे ताट भरले जाते. जुन्या गृहिणी ताट देताना सहज सांगत, "यात अंडे आहे हां," किंवा "हा तुकडा आजीला देऊ नका." त्या अर्ध्या वाक्यावर शेजार उभा होता. आज ताट बेकरीतून येते, खोके सुंदर असते, आणि ते अर्धे वाक्य म्हणावयाला मध्ये कोणी नसते. कपकेक हे त्याचे एक उदाहरण, एवढेच.

तरी एक अडचण खरी आहे, आणि ती आम्ही झाकून ठेवणार नाही. भरल्या बैठकीत यजमानीणबाईंनी "यात दारू आहे, ज्यांना चालत नाही त्यांनी घेऊ नये" असे जाहीर केले, तर पिणे सोडलेल्या त्या गृहस्थाने काय करावे? बशी परत केली तर दहा डोळे वळतात. न परतवावी तर त्याचे कष्ट मातीला मिळतात. सांगण्याच्या नावाखाली त्याला उघडे पाडणे हाही अन्यायच. म्हणून उपाय जिभेपेक्षा हातांत शोधलेला बरा. संत्र्याची साल साखरेत बोटांनी चुरडून तासभर ठेवली तर साखर सालीतले तेल ओढून घेते. त्या साखरेचे आयसिंग मद्यावाचूनही दरवळते. दोन बश्या कराव्यात, एकीतल्या केकांवर सालीचा तुकडा खोवावा, आणि दोन्ही पुढे करताना कोणती कशाची एवढे म्हणावे. मग कोणी कोणती का उचलली, याची चौकशी कोणी करत नाही. एखाद्याला लोणी कमी हवे असते, एखाद्याला नुसतीच जवळची बशी आवडते.

राहता राहिला तो प्रसंग, जेव्हा केक खाऊन झालेला असतो आणि मग यजमानाला आठवते. आता सांगावे काय? "गेले ते गेले, उगाच त्या म्हाताऱ्या माणसाच्या मनाला घोर कशाला," असे दयाळू लोक म्हणतात, आणि त्यांच्या दयेविषयी आम्हांस शंका नाही. औषध चालू असलेल्या माणसाच्या बाबतीत तर वादच नको. त्याला तत्क्षणी सांगितलेच पाहिजे. पण व्रतस्थ वृद्धालाही सांगावे, असेच आमचे मत आहे. व्रत त्याचे आहे. ते मोडले की नाही, मोडले असल्यास उपवास करावा, स्नान करावे की हसून सोडून द्यावे, हे ठरवणे त्याच्याकडे आहे. न सांगणारा यजमान त्याच्या वतीने तेही ठरवून टाकतो. मात्र सांगताना क्षमेची वसुली तेथल्या तेथे करू नये. दुसऱ्या दिवशी, एकटे गाठून, दोन वाक्यांत सांगावे आणि उत्तराची वाट न पाहता घरी यावे. तो पुन्हा तुमच्या घरी खाईल की नाही, हे त्याला सावकाश ठरवू द्यावे.