याकोबाच्या कथेचा पुढला अध्याय

शास्त्रपाठ : उत्पत्ति २९ व ३०, इफिसकरांस पत्र ५



याकोबाने राहेलीसाठी लाबानाच्या घरी सात वर्षे चाकरी केली, आणि फसवणूक झाल्यावर आणखी सात वर्षे केली. ही कथा विवाहाच्या प्रसंगी आवडीने सांगितली जाते. परंतु सांगणारा बहुधा एकोणतिसाव्या अध्यायाशीच थांबतो. तिसाव्याच्या आरंभीच राहेल मूल नाही म्हणून नवऱ्यावर चिडते आणि तो तिच्यावर संतापतो. जिच्यासाठी इतका घाम गाळला तिच्याशीच हे भांडण! पवित्र शास्त्राने ते झाकून ठेविले नाही. विहिरीपाशी दिसलेली राहेल व संसारातली राहेल एकच होती. याकोबाला दुसरीची ओळख उशिरा झाली, इतकेच.

आपल्या सौंदडच्या आसपास धानाच्या बांध्या आहेत. रोवणीच्या दिवसांत पतिपत्नी दोघेही चिखलात वाकून थकून येतात, आणि चूल कोणी पेटवावी यावरून बोलाचाली होते. त्या वेळी तरुणाच्या मनात सिनेमातली किंवा मोबाइलवर पाहिलेली हसतमुख नायिका असते. भाविकाच्या मनात नीतिसूत्रांच्या शेवटल्या अध्यायातली सद्गुणी स्त्री असते. ही दुसरी अधिक घातक, असे मला वाटते; कारण शास्त्राचा आधार दाखवून तिची काठी करिता येते. वधूही कधी न रागावणारा, रोज कुटुंबप्रार्थना चालविणारा पति मनात घेऊन येते. मूर्ति सोडल्याची साक्ष आपण देतो, आणि ही एक मूर्ति मात्र घरात नेऊन बसवितो.

पौलाने इफिसकरांस कोणता दाखला दिला तो पाहा. ख्रिस्ताने निष्कलंक मंडळी शोधून मग तिजवर प्रीति केली असे नाही. प्रीति आधी, शुद्धि मागाहून.

रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई यांचा संसार ह्या दृष्टीने पाहावा. नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने टिळकांस नवा करार दिला. तो लोहमार्ग आपल्या गोंदियावरूनच जातो. १८९५ साली मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर जणू आकाश कोसळले, आणि काही वर्षे उभयतां दूर राहिली. १९०० साली बाईंनीही बाप्तिस्मा घेतला. म्हणून टिळकांचा स्वभाव पालटला काय? १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रां’त पतीचा तापटपणा, हाती पैसा न ठरणे, हे सारे त्यांनी हसत हसत पण न लपविता लिहिले आहे. कवीची पत्नी होऊन त्यांनी कवीची प्रतिमा पुजिली नाही. त्या माणसाबरोबर नांदल्या. १९१९ साली टिळक निवर्तले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ते पुढे बाईंनी पुरे केले.

प्रचारक बंधूंनो, येथे एक खबरदारी घ्या. स्वप्न सोडणे म्हणजे मार सोसणे नव्हे. दारू पिऊन हात उगारणाऱ्याच्या पत्नीस ‘सहन कर, प्रार्थना कर’ एवढेच सांगून परत पाठवू नका. प्रथम तिला सुरक्षित ठिकाणी न्या. ती पोलिसांत जाऊ म्हणाली तर सोबत जा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने तिला संरक्षण दिले आहे, आणि तो कायदा ख्रिस्ती घरांसही लागू आहे.

विवाहापूर्वीच्या शिकवणीत वधूवरांस स्पष्ट विचारा : मजुरीचे पैसे कोणाजवळ राहतील? सासूशी पटले नाही तर काय कराल? मूल न झाले तर? आणि उत्पत्तीचा तिसावा अध्याय त्यांच्याकडूनच मोठ्याने वाचवून घ्या.