बुडालेल्यांच्या जागेवरचा अधिकार

समुद्रतळाशी पडलेल्या बोटीपर्यंत पाणबुड्याला उतरता येते का, हा तंत्राचा प्रश्न असून त्याचे उत्तर बऱ्याच अंशी सापडलेले आहे. हौशी डायव्हिंगची 40 मीटरची मर्यादा ओलांडणाऱ्या ‘तांत्रिक डायव्हिंग’मध्ये, दाबाखाली साध्या हवेतला नायट्रोजन गुंगी आणतो म्हणून, श्वासासाठी हेलियम मिसळलेला वायू वापरतात, वर येताना ठरावीक खोलींवर थांबे घेऊन शरीरात विरघळलेला वायू सावकाश बाहेर पडू देतात आणि हे सारे वेळापत्रक सांभाळायला कधी मार्गदर्शकही सोबत असतो. परंतु जेथे माणसे बुडाली तेथे उतरण्याचा अधिकार कोणाला, हा धर्मविचाराचा प्रश्न त्या वेळापत्रकात बसत नाही.

रायगडच्या किनाऱ्यावर तो मांडायचा तर ‘रामदास’ आगबोटीला वगळून चालत नाही. 17 जुलै 1947 रोजी, गटारीच्या दिवशी, मुंबईहून रेवसला निघालेली ही बोट काश्याच्या खडकाजवळ लाटेच्या तडाख्याने कलली, घाबरलेले उतारू एका बाजूला धावले आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. रेवसच्या कोळ्यांनी होडीतली मासळी दर्यात टाकून माणसे वर घेतली, ही हकीकत त्या किनाऱ्यावर अजून सांगितली जाते. तांत्रिक डायव्हिंगची गरज पडावी इतके खोल पाणी तेथे नाही, शिवाय खाड्यांच्या गाळाने ते इतके गढूळ असते की हौशी मंडळी तारकर्लीचीच वाट धरतात. पण अधिकार काही खोलीवर ठरत नाही.

ज्याचा देह हाती लागला नाही त्याच्यासाठी धर्मशास्त्राने पालाशविधी सांगितला आहे. यात पळसाच्या 360 देठांची मनुष्याकृती रचतात, मस्तक, मान, छाती, हात, पाय अशा एकेका अवयवाला ठरलेले देठ वाटून देतात आणि त्या आकृतीलाच अग्नी देतात. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांच्या ‘धर्मसिंधू’सारख्या निबंधग्रंथांत याचा विचार आहे. याच किनाऱ्यावरचे कोकणी मुसलमान ज्या शाफई परंपरेचे, तिच्यातही देह समोर नसताना जनाजाची नमाज पढण्याची मुभा आहे आणि बुडून मेलेल्याला शहिदाचा दर्जा आहे. दोन्हीकडे मृताची सुटका देहावर अवलंबून ठेवलेली नाही. ब्रिटनच्या 1986 च्या कायद्याने मात्र बुडालेल्या लष्करी जहाजांचे अवशेष, म्हणजे जागा आणि वस्तूच, संरक्षित केले. आपल्याकडच्या विधींचा तर्क काटेकोरपणे चालवला, तर संस्कार झाल्यावर पाण्यात कोणी उरत नाही आणि पाणबुड्याला अडवण्याचे कारणही उरत नाही.

हा तर्क अपुरा आहे, कारण विधीला कर्ता लागतो. श्राद्धात पिता, पितामह आणि प्रपितामह अशा तीन पिढ्यांचाच नावाने उच्चार होतो. त्यापलीकडचे पूर्वज अनाम पितरांत मिसळतात. म्हणजे मृताशी असलेल्या नात्याला मुदत आहे आणि ती साधारण शंभर वर्षांची भरते. योगायोग असा, की पाण्याखालील सांस्कृतिक वारशाविषयीचा युनेस्कोचा 2001 चा करारही किमान शंभर वर्षे पाण्याखाली राहिलेल्या अवशेषांनाच वारसा मानतो. मानवी अवशेषांचा आदर राखण्यास तो सांगतो हे खरे, तरी वारशाचे संरक्षण सुरू होते ते शोक करणारे संपल्यावर. त्याआधीचा काळ, ज्यात नाव घेणारे अजून हयात आहेत, तोच अधिक नाजूक होय. ‘रामदास’ची शंभर वर्षे 2047 साली भरतील.

निवृत्त युद्धनौका ‘गुलदार’ निवती खडकाजवळ बुडवून पाण्याखाली संग्रहालय करण्याची जी योजना सिंधुदुर्गात आखली गेली, तिच्यात ही अडचण नाही. रिकाम्या नौकेत कोणाचा पूर्वज नसतो. जेथे माणसे गेली तेथे नेणाऱ्या मार्गदर्शकाचे काम मात्र तीर्थोपाध्यायाच्या जवळ जाते, कारण त्याला पाण्याच्या खोलीबरोबर मृतांची गावे आणि घराणीही ठाऊक असावी लागतात. तांत्रिक डायव्हिंगमध्ये कोणत्याही पाणबुड्याला, कोणत्याही क्षणी, कारण न देता उतरणे रद्द करता येते आणि बाकीच्यांनी त्यावर वाद घालायचा नसतो, असा जुना दंडक आहे. पहिल्या तीन पिढ्यांपुरता तोच हक्क किनाऱ्यावरच्या आप्तांनाही असावा.