कौलं परतायला या

कोकणात गावी गेलेल्या माणसाला दोन प्रश्न ठरलेले. "कधी इलंस?" आणि त्याला लागूनच "कधी जातलंस?" मुंबईत वाढलेल्या आमच्या मुलांना दुसरा प्रश्न खटकतो. आत्ता तर आलो, लगेच जाण्याचं काय विचारता? मला तो प्रश्न रास्त वाटतो. विचारणाऱ्याच्या मनात हिशेब चालू असतो. हा गणपतीवरची माटवी बांधायला हाताशी आहे का, वाडीतल्या घरोघरच्या आरत्यांना येईल का, विसर्जनाला मूर्तीखाली खांदा देईल का, तलाठ्याकडच्या कामासाठी दोन दिवस थांबेल का. तुमच्यावर किती भिस्त ठेवायची हे त्याला ठरवायचं असतं. गावाशी, घरच्यांशी, जुन्या दोस्तांशी तुटलेला धागा पुन्हा जोडायचा तर तो या भिस्तीपाशीच जोडावा लागतो, अशी माझी खात्री होत गेली आहे.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या माणसाचं गावी जाणं पूर्वी नुसत्या मनाच्या ओढीवर सोडलेलं नव्हतं. ओढ होतीच, पण तिच्या पाठीशी भक्कम व्यवस्था होती. मुंबईच्या गिरणगावात गावागावाच्या खोल्या असत. भाडं सगळ्यांनी मिळून भरायचं, पाळ्या सांभाळून आळीपाळीने पाठ टेकायची, प्रत्येकाला एक ट्रंक आणि भिंतीवरची एक खुंटी. जेवण खानावळीत, आणि खानावळवालीही पुष्कळदा मुलखातलीच. गिरण्यांत बदली कामगारांची पद्धत होती. कायम कामगार शिमग्याला किंवा मे महिन्यात गावी गेला की त्याच्या मागावर बदलीवाला उभा राही, आणि तो बदलीवाला अनेकदा त्याचाच भाऊबंद किंवा वाडीतला पोरगा असे. म्हणजे एकाच्या गावी जाण्यावर दुसऱ्याची रोजी सुरू होई. गावाच्या मंडळाच्या बैठका खोलीतच होत. देवळाची वर्गणी, शाळेच्या छपराचा खर्च, कुणाच्या आजारपणाची मदत, सगळं तिथेच ठरे. मनिऑर्डरीबरोबर निरोप जात, आणि गावाहून आलेल्या माणसाच्या पिशवीतून कुळीथ, आमसुलं आणि उलटे निरोप येत.

गावानेही या माणसांना सांभाळलं. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. महिने लोटत गेले, खोलीचं भाडं अंगावर यायला लागलं, तशी कितीतरी माणसं बिऱ्हाडासह गावी परतली. कुणी चुलत्याच्या शेतात राबलं, कुणी पेज-भातावर दिवस काढले. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. त्या काळात गाव नसतं तर काय झालं असतं, हे त्या घरांतल्या म्हाताऱ्यांना आजही विचारावं.

नंतर गिरण्या गेल्या आणि त्यांच्यामागोमाग खोल्या गेल्या. माणसं विरार, नालासोपारा, दिवा, डोंबिवली, बदलापूर अशी पांगली. एका वाडीची चार पोरं आज चार वेगवेगळ्या लोकलने कामाला जातात आणि वर्षवर्ष एकमेकांना भेटत नाहीत. त्याच सुमाराला प्रवास मात्र सोपा झाला. २६ जानेवारी १९९८ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. त्याआधी समुद्रमार्गे बोटी होत्या, त्या पावसाळ्यात बंद. नाहीतर एसटीने घाट उतरत-चढत रात्र काढायची. जाणं सोपं झालं आणि जाण्याची निकड ओसरली, या दोन गोष्टी अशा पाठोपाठ घडल्या. आता गावी जाण्यावर कुणाची बदली अवलंबून नाही, कुणाची मनिऑर्डर अडत नाही. जायचं की नाही हे ज्याने त्याने ठरवायचं. म्हणूनच हा प्रश्न आपल्या पिढीला नव्याने सोडवावा लागतो आहे. आपल्या वडिलांपुढे तो या रूपात कधी आलाच नव्हता.

मागे राहिलेल्यांची बाजू आकड्यांतही दिसते. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली, आणि रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची घटली. रत्नागिरीची १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली, सिंधुदुर्गाची ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर. २०११च्या जनगणनेत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. हा आकडा अभिमानाने सांगितला जातो, त्यात अभिमानाची गोष्ट असेलही. पण पुरुष कामासाठी बाहेर गेले आणि घर, गुरं, शेती, म्हातारी माणसं बायकांनी ओढली, हेही त्याच आकड्यात लिहिलेलं आहे. आमच्या घरात सांजवात चुकलेली नाही ती काकीमुळे. काका गेल्यावर मुलाने तिला पुण्याला न्यायचं म्हटलं, तेव्हा तिने विचारलं, "आणि देवाक दिवो कोण दाखयतलो?" यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं.

सणाला गेल्यावर हे सगळं झाकलं जातं. गणपतीत घर भरलेलं असतं. काळ्या वाटाण्यांची उसळ, घावणे, मोदक, रात्रीची भजनं, बायकांच्या फुगड्या. माटवीला कवंडळं, हरणं, तेरडा, कांगले, सुपारीचे घोस बांधताना लहानपणी शिकलेली गाठ हाताला आपोआप आठवते, आणि तो आनंद अस्सल असतो. मी गणपतीला कधी कमी लेखणार नाही. वर्षातले तेवढे दिवस उरले आहेत म्हणून पुष्कळ घरांची दारं उघडतात. पण सणाला प्रत्येक जण आपल्या चांगल्या कपड्यांत असतो. पाहुण्यांचं करण्यात घरातल्यांना उसंत नसते, आणि आलेल्यांना परतीच्या गाडीची घाई. मनात साठलेलं बोलायला तिथे जागाच नसते.

म्हणून मी काही वर्षं मे महिन्यात जातो, कौलं परतायला. पावसाआधी घरावरची कौलं उतरवून, झाडून, फुटकी बाजूला काढून पुन्हा लावायची असतात. हल्ली माकडांचा उपद्रव फार, त्यामुळे दरवर्षी टोपलीभर फुटलेली निघतात. चुलतभाऊ वर आढ्यापाशी बसतो, मी शिडीवरून कौलं देतो-घेतो, वहिनी खाली खळ्यात केरसुणीने त्यावरचं शेवाळ आणि पाला झाडते. मंगळुरी कौलाच्या पाठीवर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. आजोबांच्या वेळची कौलं कोणती आणि नंतरची कोणती, हे भावाला नाव न वाचता नुसत्या वजनावरून कळतं. एका दुपारी वाशाला लागलेली वाळवी खरवडता खरवडता, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "मी रवलंय म्हणान ह्या घर रवला." मॅट्रिकला त्याला माझ्यापेक्षा जास्त गुण होते. आजी-आजोबांपाशी कुणीतरी थांबायला हवं होतं, तो थांबला. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच कधी बोललं नव्हतं. मी म्हटलं, "व्हय, तूच राखलंस." तेवढंच बोलणं झालं, आणि त्यानंतर आमच्यात जो मोकळेपणा आला तो आधीच्या इतक्या गणपतींत आला नव्हता. तो आता फोन करून काजूच्या बीचा दर सांगतो, विहिरीचं पाणी कितीवर गेलं ते सांगतो, आणि पंपाची मोटर जळली तर निम्मे पैसे हक्काने मागतो. त्याने ते हक्काने मागावेत, यात मला नातं दिसतं.

मित्रांचंही तसंच आहे. शाळेतल्या सोबत्याला वीस-तीस वर्षांनी भेटल्यावर पहिला अर्धा तास मास्तरांच्या आठवणींत जातो आणि मग दोघंही गप्प होतात. त्या गप्पपणाला घाबरून आपण पुढच्या खेपेला भेट टाळतो. माझा एक सोबती गावात रिक्षा चालवतो. आमचं पुन्हा जमलं ते जुन्या गोष्टींवर नव्हे. त्याची मुलगी नर्सिंग शिकायला मुंबईला आली आणि पहिले काही महिने आमच्याकडे राहिली, तेव्हा त्याला माझी गरज लागली. पुढे माझी आई गावी आजारी पडली तेव्हा रात्री दोनला तिला कणकवलीच्या दवाखान्यात नेणारा तोच होता. आता भेटलो की बोलायला आजचे विषय असतात.

एक अवघड गोष्ट लिहायलाच हवी. कोकणातल्या पुष्कळ सातबारा उताऱ्यांवर आज वीस-वीस, तीस-तीस नावं आहेत. त्यातले काही हयात नाहीत, काहींचा पत्ता नाही. सामायिक घराचा वासा बदलायचा तरी कोणाला विचारायचं, हा गावात राहणाऱ्यापुढचा रोजचा प्रश्न आहे. २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती होऊन मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलग्यांइतकाच हक्क मिळाला. तरीही गौरीला माहेरी आलेल्या बहिणीपुढे हक्कसोडीचा कागद ठेवला जातो आणि सणाच्या तोंडावर ती नाही म्हणू शकत नाही. मला हे सरळ अन्यायाचं वाटतं. घर एकत्र यावं असं वाटत असेल तर बहिणीचा वाटा मोकळेपणी मान्य करून बोलणी करावीत. राबून घर टिकवणाऱ्याच्या कष्टांचं मोल त्यात धरावं. आणि हे सगळं वडीलधारी माणसं आहेत तोवर करावं, कारण कुठल्या बांधापलीकडे कुणाचं काय, हे फक्त त्यांनाच माहीत आहे.

गावच्या देवळात गाऱ्हाणं घालताना, पोटापाण्यासाठी मुंबईला आणि परमुलखात गेलेल्या लेकरांना सांभाळ, असं देवाला साकडं घालतात आणि जमलेले सगळे "होय महाराजा" म्हणतात. आपण तिथे नसतो तेव्हाही ते आपल्यासाठी म्हटलं जातं. मागे राहिलेल्यांनी आपलं काम असं चालू ठेवलेलं आहे.

तेव्हा यंदा गणपतीचं तिकीट काढाल तेव्हा मे महिन्याचंही एक काढा. मुलांना बरोबर न्या, त्यांना शिडी धरू द्या. जाण्याआधी हॉटेलचं नाव शोधू नका, घर राखणाऱ्याला फोन करा आणि विचारा, कौलं कधी परतायची. तो सांगेल त्या तारखेला पोचा, आणि काम संपेपर्यंत थांबा.