पहिली घागर कोणाची?

दुष्काळ पडला की काही लोक म्हणतात, देवाचा कोप झाला. काही म्हणतात, निसर्गाची अवकृपा झाली. पहिले यज्ञ मांडतात, बेडकांची लग्ने लावतात. दुसरे टँकरची वाट पाहत बसतात. शब्द निराळे असले तरी दोघांचा निष्कर्ष एकच, की यात माणसाचा काही दोष नाही. बौद्धाला मात्र असे म्हणून सुटता येत नाही. कारणावाचून कार्य घडत नाही, ही तथागतांची शिकवण ज्याने स्वीकारली, त्याने दुष्काळाचेही कारण शोधलेच पाहिजे.

पाऊस न पडणे ही एक घटना आहे आणि माणसाला प्यावयास पाणी न मिळणे ही दुसरी. पहिलीतून दुसरी उद्भवते हे खरे. परंतु मध्ये अनेक दुवे आहेत आणि त्यांपैकी बरेचसे माणसाच्या हातचे आहेत. मराठवाड्याचेच उदाहरण घ्या. तेथील बहुतेक जमिनीखाली काळा पाषाण आहे. पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकाच्या फटींत. हा साठा थोडा असतो आणि पावसावाचून भरत नाही. अशा मुलखात ऊस वाढला. राज्याच्या पिकाखालील जमिनीचा लहानसा हिस्सा व्यापणारे हे पीक सिंचनाच्या पाण्यापैकी अर्ध्याहून अधिक पाणी घेते. विहिरी आटल्या तेव्हा बोअर आले. ते आटले तेव्हा आणखी खोल गेले. ज्याच्यापाशी पैसा त्याचा बोअर खोल, आणि ज्याचा बोअर खोल त्याचे पाणी. गावच्या विहिरीचा तळ उघडा पडतो त्याला आभाळ एकटेच जबाबदार नसते.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहरावर आलेली वेळ वाचकांना आठवत असेल. मांजरा धरण कोरडे पडले. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदीचा हुकूम काढावा लागला. एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणले गेले. पहिल्या खेपेस दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. त्याच जिल्ह्यात उसाचे मळे होते, साखर कारखाने होते. आगगाडी आली याचा सर्वांना आनंद झाला आणि तो रास्तच होता. परंतु आगगाडी आणण्याची पाळी का आली, हा प्रश्न पहिल्या पावसाबरोबर वाहून गेला.

येथे कोणी अशी शंका घेईल की, माझ्या जमिनीत माझा बोअर आहे, मी कोणाचे काय चोरले? कायदाही बराच काळ याच बाजूने होता. इंग्रजी अमदानीतील १८८२ च्या कायद्यापासून, जमीन ज्याची तिच्याखालचे पाणी उपसण्याचा हक्कही त्याचाच असे मानले गेले. पुढे १९९३ साली महाराष्ट्रात कायदा झाला आणि पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक ठिकाणापासून त्याच पाणलोटात ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर खोदण्यास मनाई झाली. म्हणजे पाणी बांध ओळखत नाही, हे कायद्यालाही कळले. परंतु शील कायद्याची वाट पाहत नाही. आपण दर वंदनेला दुसरे शील म्हणतो: जे दिलेले नाही ते घेणार नाही. भूमीच्या पोटातले पाणी शेजाऱ्याच्या रानात मुरून आलेले असते. टंचाईच्या दिवसांत पिकासाठी रात्रंदिवस मोटार चालवून जो गावची विहीर आटवतो, त्याने कुणाचे कुलूप फोडले नसेल. तरी दुसऱ्याच्या घागरीतले पाणी त्याने घेतलेच आहे. हे अदिन्नादान नव्हे तर दुसरे काय?

आणि ती घागर बहुधा कोणाची असते? टँकर आला की पाणी विहिरीत ओततात. मग ज्याच्या घरी माणसे जास्त, पोहरे जास्त, दांडगाई जास्त, त्याच्या घरी पाणी जास्त. भूमिहीन मजूर कामावर गेलेला असतो. त्याची बायको किंवा शाळा बुडवलेली मुलगी कडेला उभी राहते आणि शेवटी गढूळ पाणी घेऊन जाते. वस्ती गावाच्या टोकाला. म्हणून नळाचे पाणीही तेथे शेवटी पोचते. कोणी मुद्दाम अन्याय करावा लागत नाही; जुन्या रचनेत तो आपोआप होतो.

पाण्याच्या बाबतीत आपला इतिहास सर्वांना ठाऊक आहे. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव झाला होता. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचे ठरविले होते. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना तेथे जाऊन ओंजळ भरावी लागली. नंतर तळे पंचगव्याने 'शुद्ध' करण्यात आले. आणि न्यायालयात जय मिळण्यास १९३७ साल उजाडले. महाडचा लढा तहान भागविण्यापुरता नव्हता. आम्ही इतरांच्या बरोबरीची माणसे आहोत हे प्रस्थापित करण्याचा तो लढा होता. त्यापूर्वी आपल्याला पाणी मिळतच नव्हते असे नाही. कोणी दयाळू माणूस वरून ओतीत असे आणि आपण खाली ओंजळ धरीत होतो. बाबासाहेबांनी ती ओंजळ नाकारली आणि हक्क मागितला.

आता एक अवघड प्रश्न. अशी कल्पना करा की, भर मे महिन्यात गावातले सगळे पाणी आटले आहे आणि बौद्ध वस्तीतला हातपंप तेवढा चालू आहे. ज्यांच्या आज्याने आपल्या आज्याला विहिरीवर चढू दिले नाही, त्यांच्या सुना घागरी घेऊन येतात. वस्तीतला एखादा तरुण म्हणेल, त्यांना आता कळू द्या तहान काय असते. त्याचा संताप खोटा नाही. परंतु त्याचे ऐकले तर आपण काय सिद्ध केले? पाणी ज्याच्या ताब्यात त्यानेच दुसऱ्याचे माणूसपण ठरवावे, हा जुना नियम खरा होता, एवढेच. मग महाडला भांडण नियमाशी होते की केवळ जागेशी?

दुसरा कोणी म्हणेल, द्या बापडे, पुण्य लागेल. हेही अपुरे आहे. पुण्यासाठी घातलेली पाणपोई देणाऱ्याला मोठा करते आणि घेणाऱ्याला ओशाळा करते. पाणी द्यावे ते वाटा म्हणून. सर्वांची रांग एक, घागरीचे माप एक, वस्तीतली म्हातारी आणि पाटलाची सून एकामागे एक उभ्या. ज्याला ही रांग चालत नाही, त्याने पाणी नाकारले असे समजावे. आपण त्याला नाकारलेले नाही.

रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय भांडले, ही हकिकत बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून सांगितली आहे. युद्धाला विरोध करून तरुण सिद्धार्थाने सुचविले की, दोन्ही बाजूंनी दोन दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी तंटा मिटवावा. ही सूचना संघाने फेटाळली. तिच्यात मोठे तत्त्वज्ञान दिसत नाही; एक पंचायत आहे, इतकेच. परंतु टंचाईत धम्म असाच दिसतो: मोजमाप, वाटप आणि दोन्ही बाजूंना मान्य होणारा पाचवा माणूस.

तेव्हा फाल्गुनात विहिरीला पाणी असतानाच हे काम हाती घ्या. पौर्णिमेच्या वंदनेनंतर विहारात बसा. गावात पाणी किती, माणसे किती, गुरे किती, पावसापर्यंत दिवस किती, याचा हिशेब मांडा आणि तो ग्रामसभेत न्या. पिण्याच्या पाण्याजवळचा पिकाचा उपसा कोणत्या दिवशी थांबेल, ते तेथे ठरवून घ्या. आपल्यातही आता बोअरवाले, बागाईतवाले झाले आहेत. त्यांचे नाव या हिशेबात पहिले लिहा. आणि टँकर येईल त्या दिवशी पहिली घागर त्या मजुराच्या मुलीची भरू द्या, म्हणजे तिला शाळेला जाता येईल.